ठाकुर्लीची डीसी, पडघ्याची डीसी

१९९९ साली चंद्रपूरहून निघालेली एक वीजवाहिनी ७५२ किलोमीटर चालून, अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडून भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला पोचली. तिच्यातून येणारी वीज डीसी होती, म्हणजे दिशा न बदलणारी. पडघ्यापासून ठाकुर्ली वीसेक किलोमीटरवर. ठाकुर्लीवरून धावणाऱ्या लोकलही तेव्हा डीसीवरच चालत होत्या. पण मुंबईतली डीसी काढून तिथे एसी आणायच्या खटपटीला रेल्वे त्याच काळात लागली होती. वीज मंडळ एसी सोडून डीसीकडे चाललेलं आणि रेल्वे डीसी सोडून एसीकडे, तेही एकाच ठाणे जिल्ह्यात. चुकलं कोणाचं? कोणाचंच नाही. दोन्हीकडचे इंजिनिअर एकच सूत्र घोकून पास झालेले होते. तारेचा इंडक्टन्स काढायचं सूत्र.

तारेतून वीज वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्राची कडी उभी राहतात. वीज वाढली की ही कडी फुगतात, कमी झाली की आक्रसतात, आणि अशा प्रत्येक बदलाला विरोध करणारा दाब त्याच तारेत तयार होतो. चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत दाब उभा राहतो, हे प्रवर्तन मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. तारेने स्वतःच्याच विजेला केलेला हा विरोध, म्हणजेच इंडक्टन्स, अमेरिकेत जोसेफ हेन्रीने १८३२ मध्ये मांडला, म्हणून त्याचं एकक हेन्री. मालाने लादलेली हातगाडी हलवायला जड आणि एकदा चालू लागली की थांबवायलाही जड, तसा हा प्रकार. डीसीत ती एकदाच ढकलायची असते. एसीत मात्र तिला सेकंदाला पन्नास वेळा पुढे नेऊन पन्नास वेळा मागे आणायचं असतं. त्यामुळे डीसीच्या वाहत्या विजेला इंडक्टन्सची झळ लागत नाही. एसीला ती क्षणोक्षणी लागते, आणि वारंवारिता जितकी जास्त तितकी जास्त लागते. एसीपुरत्या या अडथळ्याला रिअ‍ॅक्टन्स म्हणतात.

आपल्याकडची लांबवरची वीज एसीच होती. टाटांच्या जलविद्युत कंपनीने फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीची वीज एक लाख व्होल्टवर परळला आणली. अंतर सुमारे ७० किलोमीटर. एवढ्या अंतराला इंडक्टन्सचं भय नव्हतं. एकेकट्या तारांच्या अशा वाहिनीचा रिअ‍ॅक्टन्स किलोमीटरमागे साधारण ०.४ ओहम धरला, तर सगळा मिळून २८ ओहम होतो. अशी वाहिनी एसीची जास्तीत जास्त किती वीज ओढू शकेल, याचा ढोबळ हिशेब म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रिअ‍ॅक्टन्स. उत्तर येतं साडेतीनशे मेगावॅटच्या आसपास. खोपोलीचं वीजघर चाळीसेक मेगावॅटचं. काळजी करण्यासारखं काही नव्हतंच. त्या इंजिनिअरांची झोप उडवली ती दरडींनी, पावसाने आणि चिनी मातीच्या इन्सुलेटरांनी.

रेल्वेचं प्रकरण वेगळं होतं. ३ फेब्रुवारी १९२५ ला जीआयपी रेल्वेची, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेची, पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसवरून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. डोक्यावरच्या तारेत दाब १५०० व्होल्ट, आणि वीज डीसी. टाटांची वीज येत होती एसी, मग मुद्दाम डीसी का केली? कारण मोटर. गाडी ओढायला लागते तशी, उभ्या जागेवरून जोर लावणारी मोटर त्या काळी डीसीचीच चांगली होती. तीच मोटर पन्नास सायकलच्या एसीवर चालवली, तर तिच्या गुंडाळ्यांत प्रवर्तनाने दाब उभा राहतो आणि ब्रशांखाली ठिणग्यांचा खच पडतो. स्वित्झर्लंड आणि जर्मनीने यावर तोड काढली होती: वारंवारिताच उतरवून सोळा पूर्णांक दोन तृतीयांश सायकलवर आणायची, म्हणजे हा उपद्रव एक तृतीयांश होतो. पण त्यासाठी रेल्वेला स्वतःची वेगळ्या वारंवारितेची वीज तयार करावी लागते. इथे टाटांची वीज पन्नास सायकलची, शिवाय हाताशी. तेव्हा तिची वाटेत डीसी करावी हे सोयीचं ठरलं. सबस्टेशनांत सुरुवातीला रोटरी कन्व्हर्टर नावाची गरगरणारी अजस्र यंत्रं होती, पुढे पाऱ्याच्या ठिणगीवर चालणारे रेक्टिफायर आले. हे पाऱ्याचे रेक्टिफायर वाचकाने ध्यानात ठेवावेत.

उपनगरी गाड्यांना टाटांची वीज पुरली. पण बोरघाट आणि थळघाट चढायचा तर स्वतःचं वीजघर हवं, असं जीआयपीने ठरवलं. ते उभं राहिलं कल्याणच्या अलीकडे, ठाकुर्लीजवळच्या चोळेगावाला. डोंबिवलीकर आजही त्या जागेला चोळा पॉवर हाऊस म्हणतात. १९२९ मध्ये कल्याण ते पुणे हा मार्ग विजेवर आला, १९३० मध्ये इगतपुरीचा, आणि त्याच वर्षी १ जूनला दख्खनची राणी या तारेखालून धावली. घाटात मालगाड्या ओढायला स्वित्झर्लंडच्या धर्तीची लांब नाकाडांची इंजिनं आली. लोकांनी त्यांना खेकडा नाव ठेवलं, आणि ते इतकं चपखल होतं की रेल्वेच्या माणसांनीही तेच उचललं. चोळ्याचं वीजघर एसी तयार करी, ती उंच दाबाने दूरवरच्या सबस्टेशनांना जाई आणि तिथे तिची १५०० व्होल्टची डीसी होई. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते बंद पडलं. त्याआधी सहा दशकं कल्याण-डोंबिवलीच्या क्षितिजावर देवळांच्या शिखरांपेक्षा त्याच्या चिमण्या आधी दिसायच्या.

चोळ्याची वीज सुरू होत होती त्याच वर्षांत अमेरिकेत इंडक्टन्सचा एक जुना गुंता सुटत होता. दोन तारांमधला इंडक्टन्स काढणं सोपं. पण वीज तारेने जाऊन जमिनीतून परतली तर? रुळांतून परतणाऱ्या विजेचा मोठा भाग जमिनीत झिरपतो, आणि जमीन म्हणजे काही ठरावीक जाडीची तार नव्हे. अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीतल्या जॉन कार्सनने १९२६ मध्ये याचं गणित मांडलं. टेलिफोनवाल्याला हे सुचावं यात नवल नाही. रेल्वेलगतच्या टेलिफोनच्या तारांत एसीमुळे दाब उपटतो, बोलण्यात गुणगुण मिसळते, क्वचित शॉकही बसतो. रेल्वेची तार आणि टेलिफोनची तार यांच्यातलं हे परस्पर प्रवर्तन. जीआयपीच्या डीसीने हा त्रास बराचसा टाळला होता, आणि त्या निवडीमागे याही कारणाचं वजन होतं असं मला वाटतं. त्या काळात रेल्वेच्या कडेने खांबाखांबांवरून उघड्या तारांचे गठ्ठे जात. आज त्या जागी केबली आहेत आणि टेलिफोनच्या तारांना कोणी विचारतही नाही.

आता ते सूत्र. एका तारेचा, किलोमीटरमागचा, मिलिहेन्रीतला इंडक्टन्स म्हणजे ०.२ गुणिले नैसर्गिक लॉगरिदम, आणि लॉगरिदम कशाचा तर तारांमधलं अंतर भागिले तारेची हिशेबी त्रिज्या. हिशेबी म्हणायचं कारण, चुंबकीय कडी तारेच्या पोटातही असतात. त्यांचा वाटा धरायचा म्हणून भरीव गोल तारेची त्रिज्या ०.७७८८ ने गुणून घेतात. तीन तारा असमान अंतरावर असतील तर अंतरांची भूमितीय सरासरी घ्यायची. ही युक्ती मॅक्सवेलची. दहा मिनिटांत होणारं गणित आहे. ठाण्या-कल्याणच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं परीक्षेत ते हमखास येणार म्हणून पाठ करतात आणि निकाल लागला की विसरतात.

या सूत्राचा खोडसाळपणा लॉगरिदममध्ये आहे. तारांमधलं अंतर दुप्पट केलं तरी उत्तर जेमतेम ०.१४ ने वाढतं, निम्मं केलं तरी तेवढंच उतरतं. तार जाड केली तरी तेच. म्हणजे इंडक्टन्स तुमच्या हातात फारसा नाही. मनोऱ्याची कशीही रचना करा, एकेकट्या तारेचा इंडक्टन्स किलोमीटरला सव्वा ते दीड मिलिहेन्रीच्या आसपास घुटमळतो. एकच उपाय त्यातल्या त्यात लागू पडतो: एका तारेच्या जागी दोन तारा, हातभर अंतरावर. दोन्ही मिळून एक मोठी जाड तार असल्यासारख्या वागतात. पडघ्याच्या बाजूने जाताना चारशे केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या, मनोऱ्यांवर जोडीजोडीने तारा आणि त्यांच्यामध्ये ठरावीक अंतरावर आडव्या पट्ट्या दिसतात त्या याच्यासाठी (आणि तारेभोवती हवा चरचरू नये म्हणूनही). त्या तारेचं नाव मूस. ॲल्युमिनियमच्या ५४ आणि पोलादाच्या ७ तारांचा पीळ, व्यास ३१.७७ मिलिमीटर. अशा तारांना प्राण्यांची नावं द्यायची इंग्रजांची चाल होती. त्यामुळे आपले लाइनमन अजूनही झेब्रा ओढतात, पँथर बदलतात आणि डॉग उतरवतात.

आता चंद्रपूरचं गणित करून पाहू. कोळसा विदर्भात, मागणी मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्यात. महाराष्ट्राच्या विजेचा हा जुना तिढा. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचे २१० मेगावॅटचे पहिले संच १९८० च्या दशकात आले, मग ५०० चे आले, आणि १९९७ मध्ये सातवा संच धरून केंद्र २३४० मेगावॅटचं झालं. वीज तयार व्हायची राज्याच्या पूर्व टोकाला आणि हवी असायची पश्चिम टोकाला.

चारशे केव्हीची मूस जोडतार घेतली, शेजारशेजारच्या जोड्यांत ११ मीटर अंतर धरलं, तर भूमितीय सरासरी अंतर येतं १३.९ मीटर. जोडीची हिशेबी त्रिज्या साडेसात सेंटिमीटरच्या जरा वर. लॉगरिदम ५.२, इंडक्टन्स १.०४ मिलिहेन्री, आणि पन्नास सायकलला रिअ‍ॅक्टन्स किलोमीटरमागे ०.३३ ओहम. ७५२ किलोमीटरला सुमारे २४६ ओहम. त्याच जोडतारेचा साधा रोध मात्र सगळा मिळून २१ ओहमच भरतो. म्हणजे धातूच्या अडवण्यापेक्षा तारेभोवतालच्या हवेतलं चुंबकीय क्षेत्र जवळजवळ बारा पट अडवतं. आता दाबाचा वर्ग भागिले २४६: साडेसहाशे मेगावॅट. वाहिनीचा कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याचा गुण, धरला तर आकडा थोडा चढतो, पण हा आकडा म्हणजे कड्याची कड आहे. त्याच्यावर चंद्रपूरची यंत्रं आणि मुंबईकडची यंत्रं यांची लय तुटते. सुरक्षित राहायचं तर निम्म्यावर थांबायचं. म्हणजे एका वाहिनीला सव्वातीनशे मेगावॅट. १५०० मेगावॅट आणायचे तर अशा पाच वाहिन्या, मनोऱ्यांच्या पाच रांगा, वाटेत जागोजागी आधाराची सबस्टेशनं आणि कपॅसिटरांच्या रांगा. तारा तापून वितळतील म्हणून नव्हे. तारा तर याच्या कितीतरी पट वीज सोसतात. अडवणारा असतो फक्त इंडक्टन्स.

डीसीने हा सगळा हिशेबच पुसून टाकला. पाचशे केव्ही अधिक आणि पाचशे केव्ही उणे असे दोन ध्रुव, १५०० अँपिअर, १५०० मेगावॅट, मनोऱ्यांची एकच रांग. लय तुटण्याचा प्रश्नच नाही, कारण दोन टोकांची लय एक असायची गरजच उरत नाही. महाराष्ट्र राज्य वीज मंडळासाठी हे काम एबीबी आणि आपल्या भेलने केलं. उत्तरेत रिहांद-दादरीची वाहिनी त्याआधी झाली होती. त्यानंतरची देशातली दुसरी लांब पल्ल्याची डीसी वाहिनी ही.

मघाचे पाऱ्याचे रेक्टिफायर इथे परत येतात. रेल्वेच्या सबस्टेशनांत दीड हजार व्होल्ट हाताळणारा हा पारा लाखभर व्होल्टपर्यंत नेता येईल, या ध्यासापायी उनो लाम नावाच्या स्वीडिश इंजिनिअरने दोन-अडीच दशकं घालवली. १९५४ मध्ये स्वीडनच्या असेआ कंपनीने मुख्य भूमीवरून गॉटलंड बेटाला समुद्राखालून डीसी वीज नेली: १०० केव्ही, २० मेगावॅट. पुढे पाऱ्याची जागा थायरिस्टर या अर्धवाहकाने घेतली, १९८८ मध्ये असेआ आणि ब्राउन बोव्हेरी एक होऊन एबीबी झाली, आणि तीच एबीबी पडघ्याला आली. रेल्वेच्या सबस्टेशनातल्या पाऱ्यापासून पडघ्याच्या थायरिस्टरपर्यंत हे एकच घराणं आहे, फक्त वाट स्वीडनवरून वळसा घालून गेलेली.

पडघ्यात एक गंमतही आहे. इंडक्टन्सपासून सुटका म्हणून डीसी आणली, आणि डीसी होताच दोन्ही टोकांना वाहिनीत मोठाले इंडक्टर मुद्दाम बसवावे लागले. थायरिस्टरमधून निघालेली डीसी सपाट नसते, तिच्यात लहरी असतात. त्या दाबायला आणि बिघाडात वीज एकदम उसळू नये म्हणून, बदलाला विरोध करणारं काहीतरी वाटेत हवंच. जो गुण साडेसातशे किलोमीटर नडला असता, तो टोकाला गुंडाळी करून नेमका हवा तेवढा विकत घेतला.

रेल्वेने उलटी वाट धरली, तिचं कारण अंतर नव्हतं, दाब होता. समजा एक लोकल तीन मेगावॅट ओढते. १५०० व्होल्टवर तिला २००० अँपिअर लागतात, २५ केव्हीवर १२०. तारेत वाया जाणारी वीज अँपिअरच्या वर्गाच्या पटीत, म्हणजे फरक पावणेतीनशे पट. म्हणून डीसीच्या काळात दर काही किलोमीटरवर सबस्टेशन हवं होतं आणि ठाणे-कल्याणसारख्या गर्दीच्या टापूत बारा डब्यांच्या गाड्या वाढवायच्या तर तांब्याची तार पुरत नव्हती. एसी आणली की रिअ‍ॅक्टन्स आलाच. २५ केव्हीच्या तारेत दाब घसरतो त्यात त्याचा वाटा मोठा. पण सबस्टेशन काही दशक किलोमीटरांवर असतं, शेकडो किलोमीटरांवर नव्हे. तेवढ्या अंतराला तो दंड भरणं परवडतं. मोटरचा जुना प्रश्नही उरला नव्हता, कारण आता एसी गाडीत घेऊन तिथेच हवी तशी करता येत होती.

भारतीय रेल्वेने २५ केव्ही एसी १९५७ मध्येच स्वीकारली होती. मुंबई मात्र आपल्या १५०० व्होल्टना पुढची साडेपाच-सहा दशकं धरून बसली. इगतपुरीला गाड्या थांबवून इंजिन बदलायचं, मग दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं करायची, मग तशाच लोकल. लोकल बंद न ठेवता डोक्यावरची वीज बदलणं म्हणजे काय, हे त्या वर्षांतल्या रविवारच्या मेगाब्लॉकांत अडकलेल्या डोंबिवलीकरांना विचारावं. सिग्नलच्या केबलींना प्रवर्तनापासून जपायचं, जुन्या पुलांखालचं अंतर वाढवायचं, रुळांतली डीसीवर चालणारी सर्किटं बदलायची. परतीची वीज जमिनीत न भटकता वरच्याच एका तारेतून न्यायची, म्हणजे कार्सनच्या गणितातलं लांबरुंद वेटोळं लहान होतं. पश्चिम रेल्वेने हे २०१२ मध्ये पुरं केलं. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं काम २०१५ मध्ये संपलं, आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरची शेवटची डीसी गेली. १९२५ मध्ये जिथे ती आली होती, तिथूनच.

एसीच्या जाळ्याची आणखी एक खोड आहे, ती एका बिघाडात दिसली. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि आजूबाजूचा पट्टा अंधारात गेला. दिवसाढवळ्या अंधार म्हणायचा. करोनाच्या दिवसांत अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी चाललेल्या लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी कारण सांगितलं ते असं: राज्याच्या महापारेषण कंपनीच्या ४०० केव्ही कळवा-पडघा केंद्रात देखभालीसाठी पहिल्या सर्किटचा भार दुसऱ्यावर घेतला होता, आणि दुसऱ्यात तांत्रिक बिघाड झाला. मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून तोडून वाचवायची योजनाही त्या दिवशी कामी आली नाही.

या घटनेवर बोलताना भार या सर्किटवरून त्या सर्किटवर घेतला असं आपण म्हणतो, जणू कोणी नळ फिरवला. एसीच्या जाळ्यात असा नळ नसतो. समांतर वाहिन्यांमध्ये वीज आपापल्या रिअ‍ॅक्टन्सच्या व्यस्त प्रमाणात विभागते. एक वाहिनी गळाली की तिचा वाटा उरलेल्यांवर जाऊन पडतो, ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातल्या माणसाला विचारत नाही. तो माणूस यंत्रं कमीजास्त करू शकतो, मागणी तोडू शकतो. पण अमुक वाहिनीतून अमुक इतकेच मेगावॅट जावेत असा हुकूम त्याला सोडता येत नाही. तो हुकूम मनोऱ्यावरच्या तारांमधलं अंतर आणि तारेची त्रिज्या यांनी आधीच सोडून ठेवलेला असतो. डीसी वाहिनीवर मात्र थायरिस्टर सांगेल तेवढीच वीज जाते.

मुंबईकडे वीज आणायचा पुढचा मोठा रस्ता त्यामुळे पुन्हा डीसीचा निघाला. वाड्याजवळचं कुडूस ते आरे, १००० मेगावॅट, ३२० केव्ही. कुडूस आता पालघर जिल्ह्यात. २०१४ च्या १ ऑगस्टपर्यंत तेही ठाणे जिल्ह्यातच होतं. अदानींच्या या प्रकल्पाचं तंत्र हिताची एनर्जीचं, म्हणजे एबीबीचा वीजजाळ्याचा धंदा विकत घेतलेल्या हिताचीचं, म्हणजे पुन्हा उनो लामच्याच घराण्याचं. अंतर मात्र चंद्रपूरच्या मानाने नगण्य: ऐंशी किलोमीटर. एवढ्या अंतराला इंडक्टन्स एसीला अडवत नाही, खोपोलीच्या वेळीही अडवत नव्हता. पण यातले सुमारे पन्नास किलोमीटर जमिनीखालच्या केबलीचे आहेत. केबलीत तारा एकमेकींना जवळजवळ चिकटून असतात, त्यामुळे सूत्रातला लॉगरिदम आक्रसतो आणि इंडक्टन्स घटतो. त्याच कारणाने कपॅसिटन्स कित्येक पटीने वाढतो, आणि एसी केबल आपली बरीचशी ताकद नुसती स्वतःला भरण्या-रिकामी करण्यात घालवते. चंद्रपूरला इंडक्टन्समुळे डीसी आली. कुडूसला ती आली त्यात त्याच्या भावंडाचा, कपॅसिटन्सचा हात आहे.